कुठे कापली, कुठे राखली

गोंदियात राइस मिलच्या मोटारी भरून देणारी दुकानं आहेत. त्यांतल्याच एका दुकानात झालेल्या कामाविषयी हे लिहितो आहे. काम मोटारीचं नव्हतं. एका रेडिओ-कंट्रोल हेलिकॉप्टरच्या वायरी नव्याने बसवायच्या होत्या. इतकं जाणतं वायरिंग मी मोठ्या शहरांतल्या मुरलेल्या हौशी लोकांच्या मॉडेलांवरही क्वचितच पाहिलं आहे.

हेलिकॉप्टर ४५० वर्गातलं. तैवानच्या अलाइन कंपनीचं टी-रेक्स, शेपटीचा पंखा पट्ट्यावर फिरवणारं. मुख्य पाती ३२५ मिलिमीटर लांब, बॅटरी धरून वजन किलोच्या आत. एका मिलवाल्याच्या मुलाने ते वापरलेलं विकत घेतलं, तेव्हा त्याच्या पोटात नुसती गिचमीड होती. सर्व्होच्या, म्हणजे नियंत्रणाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारींच्या, वीत-वीतभर वायरी घड्या घालून, रबर बँड लावून रिसिव्हरखाली कोंबलेल्या. त्यांतली एक तर मुख्य गिअरच्या दात्यांना टेकायला आलेली. मुलाने ते उचललं आणि मिलच्या मोटारी सांभाळणाऱ्या वाइंडिंगवाल्या काकांकडे नेलं. काकांनी आयटीआयला वायरमनचा ट्रेड केलेला, पुढची सगळी वर्षं मोटारी, स्टार्टर आणि पॅनल यांत गेलेली. मॉडेल हेलिकॉप्टर त्यांनी तोवर हातात धरलेलं नव्हतं. त्यांनी ते दोन दिवस टेबलावर तसंच ठेवलं, येता-जाता पाहिलं, मुलाला बॅटरी लावून सगळे सर्व्हो हलवून दाखवायला सांगितलं आणि मग कटर हातात घेतला.

आता कॅनोपी, म्हणजे पुढचं झाकण, काढली की आधी दिसतो तो उजेड. कार्बन फायबरच्या दोन प्लेटांमधून आरपार पाहता येतं. गिअर, पट्टा, सर्व्होंचे हात, स्वॉशप्लेटला जाणाऱ्या काड्या, सगळं आपापल्या जागी मोकळं. वायरी गेल्या कुठे, ते शोधावं लागतं. पण एवढ्यावर समाधान मानू नये. नीटनेटकं दिसणारं वायरिंग वाईट असू शकतं, बऱ्याचदा असतंही. केबल टायने करकचून आवळलेल्या, काटकोनात मोडलेल्या, जराही ढील न ठेवलेल्या वायरी फोटोत फार सुरेख दिसतात. मग एके दिवशी हवेत असताना एखादा सर्व्हो लुळा पडतो, आणि का पडला ते मॉडेलचे तुकडे गोळा केल्यावरही कळत नाही.

वायरिंगमध्ये कारागिराच्या हातात असतं तरी काय? रंग कंपनीचा, जाडी कंपनीची, प्लगही कंपनीचा. लांबी तेवढी त्याची. म्हणून कुणाचंही वायरिंग समोर आलं की मी लांबी वाचतो. कोणती वायर कापली, किती कापली, आणि कोणती मुद्दाम कापली नाही. कापायला धीर लागत नाही, कटर लागतो. न कापण्यामागे मात्र त्या यंत्राची पूर्ण समज असावी लागते, आणि काकांच्या या कामात खरा आनंद आहे तो तिथेच.

सुरुवात सोप्या जागेपासून करू. मुख्य पंख्याखाली जी तिरपी होणारी चकती असते, ती स्वॉशप्लेट. तिला तीन सर्व्हो १२०-१२० अंशांच्या अंतरावर धरून असतात आणि तिघांच्या मिळून हालचालीने हेलिकॉप्टर वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे जातं. या तिन्ही सर्व्होंच्या वायरी जिथे जाऊन मिळतात ते जायरोचं युनिट मागच्या बाजूला बसवलेलं आहे. बहुतेक जण अशा वेळी तिन्ही वायरी एकाच मापाच्या कापतात, कारण डोळ्याला समान माप बरं वाटतं आणि कामही पटकन उरकतं. काकांच्या तिन्ही लांब्या वेगळ्या आहेत. मागच्या सर्व्होची वायर सर्वांत आखूड. पुढच्या दोघांच्या लांब, आणि त्यांतही उजवीकडची डावीकडच्यापेक्षा बोटभर जास्त, कारण युनिटची सॉकेटं डावीकडे तोंड करून आहेत आणि उजव्या वायरीला तेवढं वळसा घालून यावं लागतं. तिन्ही वायरी आपापल्या सॉकेटात शिरतात तेव्हा शेवटचा बाक तिघींचाही सारखाच येतो. माप वेगळं ठेवल्याने ही सारखेपणाची जागा साधली आहे. समजून पाहणाऱ्याला ती लगेच दिसते.

आता एक प्लग काढून जवळून पाहू. सर्व्होच्या प्लगमध्ये तीन पिना, एकमेकींपासून २.५४ मिलिमीटरवर. या कंपनीच्या रंगांत तपकिरी म्हणजे निगेटिव्ह, लाल म्हणजे पॉझिटिव्ह आणि नारिंगी म्हणजे सिग्नल. लाल कायम मधे. यात फार मोठं शहाणपण आहे: प्लग चुकून उलटा बसला तरी लाल मधेच राहते, निगेटिव्ह आणि सिग्नल यांची फक्त अदलाबदल होते, सर्व्हो हलत नाही पण जळतही नाही. काकांनी प्लगच्या अंगावरची प्लॅस्टिकची बारीक जीभ सुईने उचलून पिन बाहेर ओढली, जुनी पिन कापून टाकली आणि हव्या त्या लांबीवर नवी पिन क्रिम्प केली. त्या पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला आवळते, मागची जोडी इन्सुलेशनला धरते. पुढची वीज नेते, मागची ओढ सोसते. घाईत काम करणाऱ्यांच्या हातून इन्सुलेशन पुढच्या जोडीत अडकतं किंवा तांबं मागच्या जोडीपर्यंत उघडं राहतं. मी भिंग लावून पाहिलं. काकांच्या प्रत्येक पिनेत दोन जोड्यांच्या मधल्या फटीत इन्सुलेशनची कड नेमकी दिसते आणि तिच्या पुढे तांब्याचे तंतू, एकही बाहेर न सुटलेला. पॅनलमध्ये जाड केबलला लग लावणारा हात इतक्या बारीक पिनेवर असा स्थिर राहतो, हेच मला मोठं वाटतं.

डाख का दिला नाही, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण उत्तर कामातच होतं. वायर मधे कापून, दोन्ही टोकं जोडून कथलाचा डाख द्यायचा आणि वर हीट श्रिंकची नळी चढवायची, ही आखूड करण्याची सर्वांत प्रचलित रीत. ती चूक नाही. पण वितळलेलं कथील तंतूंमधून इन्सुलेशनच्या आत चढत जातं, आणि जिथे ते थांबतं तिथे कडक वायर संपून मऊ वायर सुरू होते. हेलिकॉप्टर थरथरतं. या मापाच्या मॉडेलचा मुख्य पंखा मिनिटाला २७०० फेऱ्यांच्या आसपास फिरवला तर सेकंदाला ४५ फेऱ्या होतात, पाती दोन म्हणून सेकंदाला ९० ठोके. शेपटीचा पंखा त्याच्या चौपटीहून जास्त वेगाने. ही सगळी थरथर त्या कडक-मऊच्या सीमेवर येऊन साचते आणि तिथले तंतू एकेक करून तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. क्रिम्प केलेल्या वायरीत ती सीमाच नसते. जिथे डाखाशिवाय इलाज नव्हता, अशी एकच जागा या मॉडेलमध्ये आहे, आणि तिथे तिन्ही वायरींचे जोड एकाखाली एक न येऊ देता पायरी-पायरीने मागे-पुढे घेतले आहेत. म्हणजे फुगीर गाठही होत नाही, आणि कधी नळी फाटलीच तर दोन जोड एकमेकांना लागत नाहीत.

आता या कामातली सर्वांत सुंदर जागा. ब्रशलेस मोटारीतून तीन वायरी निघतात आणि स्पीड कंट्रोलरच्या तीन वायरींना जोडल्या जातात. इथे वायर जास्त होती, कापायला हवी होती. कुणीही मोटारीकडची बाजू कापली असती, कारण तीच हाताशी येते. काकांनी तिला हात लावला नाही. कंट्रोलरकडच्या सिलिकॉनच्या वायरी कापल्या, त्यांवर नवे बुलेट कनेक्टर बसवले आणि मोटारीच्या वायरी होत्या तेवढ्याच ठेवल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती वायर नाही भाऊ, कॉइलच आहे ती. वरतून फक्त नळी घातली."

या एका वाक्यासाठी मी त्यांना मानलं. अशा कित्येक लहान मोटारींमध्ये बाहेर येणारी वायर म्हणजे आतल्या गुंडाळ्याचीच टोकं असतात. अनेक बारीक तारा, प्रत्येकीवर इनॅमलचा थर, आणि सगळ्यांवर मिळून एक स्लीव्ह. कारखान्यात टोकाशी इनॅमल काढून कथील चढवलेलं असतं. तुम्ही ते टोक कापलंत की समोर इनॅमल असलेल्या तारा येतात. त्यांवर तसाच डाख दिला तर कथील वरवर चिकटतं, काही तारा लागतात, काही लागत नाहीत. मोटार फिरते पण अडखळत फिरते, एक फेज अशक्त होतो, गरम होते आणि भर उड्डाणात दगा देते. मॉडेल उडवणारे कितीतरी जण हा धडा एक मोटार जाळून शिकले आहेत. ज्याचा जन्म तांब्याच्या तारेवरचं इनॅमल खरवडण्यात गेला, त्याला हे स्लीव्हच्या तोंडाशी डोकावल्याबरोबर कळलं. हेलिकॉप्टरची माहिती नसलेला माणूस हेलिकॉप्टरवाल्यांपेक्षा जास्त जाणत होता, कारण मोटार त्याला आतून ठाऊक होती.

जायरोच्या युनिटपाशी वेगळा विचार आहे. पूर्वी मॉडेल हेलिकॉप्टरच्या डोक्यावर पंख्याला आडवी एक दांडी असे, दोन टोकांना चपट्या पट्ट्या. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास नियंत्रणात राहणारं मॉडेल हेलिकॉप्टर उडवून दाखवलं, त्यानंतर सुमारे चार दशकं ही दांडीच मॉडेलला हवेत सावरत आली. आता तिचं काम हे काडेपेटीएवढं युनिट करतं. आतले सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा कलणं-वळणं मोजतात. फ्रेमची थरथर त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून युनिट फोमच्या दुहेरी चिकटपट्टीवर बसवतात. आणि मग हौशी माणूस काय करतो? सहा वायरींचा जुडगा करून, वर जाळीची स्लीव्ह चढवून, तो कडक दांडा युनिटच्या तोंडात खुपसतो. फोम खाली राहतो आणि थरथर जुडग्यातून वर चढते. हेलिकॉप्टर विनाकारण थरथर कापतं आणि माणूस सेटिंग बदलत बसतो.

काकांनी युनिटच्या अलीकडे चार बोटांवर सगळ्या वायरी फ्रेमला बांधल्या आहेत आणि तिथून पुढे त्या सुट्या सोडल्या आहेत, प्रत्येकीला थोडा झोळ देऊन. युनिट बोटाने हलकेच दाबून पाहिलं तर फोमवर दबतं आणि परत वर येतं, एकही वायर त्याला अडवत नाही. हा झोळ वरवर पाहणाऱ्याला ढिसाळपणा वाटेल. अख्ख्या मॉडेलमध्ये वायरी सैल दिसतात त्या एवढ्याच ठिकाणी, आणि म्हणूनच तो झोळ इतका बोलका आहे.

बांधण्यासाठी केबल टाय कुठेही नाही. सुती दोरा आहे. मोटार भरताना कॉइली स्लॉटमध्ये बसवून झाल्या की त्यांची बाहेर आलेली डोकी दोऱ्याने आवळून बांधतात आणि मग वार्निश पाजतात. तोच दोरा, तीच गाठ काकांनी इथे वापरली. दोन अढ्या, वर एक चौकोनी गाठ, वर वार्निशचा थेंब. केबल टायची कड वायरीच्या इन्सुलेशनमध्ये रुतते आणि थरथरीने हळूहळू चावत जाते, दोरा मात्र रुंदीवर पसरून धरतो. विमानांत आणि अवकाशयानांत वायरींचे जुडगे आजही मेण लावलेल्या दोऱ्याने किंवा फितीने बांधतात. नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावरच्या गाडीच्या फोटोंतही असे बांधलेले जुडगे दिसतात. काकांनी ते फोटो पाहिलेले नव्हते. एकाच अडचणीतून दोन ठिकाणच्या कारागिरांचे हात एकाच गाठीवर आले.

शेपटीकडची वायर पाहताना मी पहिल्यांदा अडखळलो. शेपटीचा सर्व्हो नळीवर बसवलेला आहे आणि त्याची वायर नळीच्या अंगाने पुढे फ्रेममध्ये येते. नळीवर ती दर चार-पाच बोटांवर दोऱ्याने धरलेली, अगदी सरळ. पण फ्रेममध्ये शिरायच्या आधी तिचा एक छोटा वळसा सोडला आहे, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. बाकी सगळीकडे मिलिमीटर-मिलिमीटर वाचवणाऱ्या माणसाने इथे ही वायर का वाया घालवली?

कारण पट्टा. या मॉडेलमध्ये शेपटीचा पट्टा सैल झाला की फ्रेमचे स्क्रू ढिले करून अख्खी नळी मागे ओढायची असते. पट्टा ताणला जातो, नळी काही मिलिमीटर मागे सरकते आणि तिच्याबरोबर सर्व्होही. वायर त्या दिवशीच्या मापाची कापली असती, तर पहिल्याच वेळी प्लगच्या मुळावर ओढ आली असती. शेपटीचा सर्व्हो हवेत सुटला, तर हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरायला लागतं आणि पुढचं काही आपल्या हातात राहत नाही. काकांनी मुलाला फक्त एवढंच विचारलं होतं की हा पट्टा ढिला झाल्यावर काय करता. मिलमध्ये मोटार रेल्सवर बसवलेली असते आणि पट्टा ताणायला तीच मागे सरकवतात; केबल मोजून कापली तर ती टर्मिनलमधून उपटते. "ताणून बांधली तं तुटते, अन् ढिली सोडली तं घासते," हे त्यांचं स्पष्टीकरण, आणि हा वळसा म्हणजे त्या दोहोंच्या मधली जागा.

अपुऱ्या वायरीची किंमत केवढी असू शकते, याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण एअरबसचं आहे. ए-३८० हे दुमजली विमान तयार होत असताना हॅम्बुर्गमध्ये बनवलेले वायरींचे जुडगे फ्रान्समधल्या तुलूझला विमानात बसवायला घेतले, तेव्हा ते पुरेनात. दोन्हीकडचे अभियंते आराखड्याच्या एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होते आणि वायर वळताना किती खाल्ली जाते याचा हिशोब जुळत नव्हता. एका विमानात ५०० किलोमीटरांहून जास्त वायर. २००६ साली हे सगळं बाहेर आलं, कार्यक्रम सुमारे दोन वर्षं मागे पडला आणि कंपनीच्या वरिष्ठांना खुर्च्या सोडाव्या लागल्या. वळणात वायर खाल्ली जाते, हे काका दोऱ्याचा तुकडा आधी त्या वाटेने फिरवून मोजतात. दोऱ्यावर पेनाने खूण, मग वायरीवर खूण, मग दोन बोटं जास्त, मग कटर.

बॅटरीकडे थोडक्यात येतो. ११.१ व्होल्टची तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी नाकाकडे बसते. कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंतच्या जाड वायरी वाढवू नयेत, हा नियम जाणकार पाळतात, कारण लांब वायरीमुळे विजेचे झटके वाढतात आणि कंट्रोलरवरचे कपॅसिटर तापतात. त्या आखूड केलेल्या चांगल्याच. काकांनी त्या केल्याही, पण बॅटरी अर्धी आत सरकवलेली असताना प्लग दोन्ही हातांनी जोडता येईल एवढं माप ठेवून. गोंदियाच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, त्या उन्हात घामेजलेल्या बोटांनी हा प्लग जोडून पाहा, मग ते माप किती विचाराने ठेवलं आहे हे कळतं.

आणि अँटेना. इथे कापणाऱ्याची खरी परीक्षा असते. जुन्या ३५ मेगाहर्ट्झच्या सेटांना मीटरभर लांब अँटेना असे आणि ती गुंडाळायचा मोह सगळ्यांना होई. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिसिव्हरला दोन छोट्या केसासारख्या बारीक वायरी असतात. त्यांतलं शेवटचं ३१ मिलिमीटर टोक तेवढंच हवेतली लहर पकडतं, कारण त्या लहरीच्या लांबीचा तो चौथा हिस्सा आहे. त्याआधीचा भाग नुसती केबल. बाकी सगळं आखूड करत आलेला हात इथेही सहज चालला असता. दिसायला ती एक उगाच लोंबणारी वायर आहे. काकांनी मुलाला विचारलं, मुलाने सांगितलं की ही कापायची नसते आणि का नसते, आणि काकांनी दोन्ही टोकं एकमेकींशी काटकोनात, कार्बनच्या प्लेटांपासून दूर, प्लॅस्टिकच्या बारीक नळ्यांमध्ये उभी केली. कार्बन वीज वाहतो आणि लहर अडवतो, म्हणून दूर. एक टोक सावलीत गेलं तरी दुसरं उघडं राहावं, म्हणून काटकोन. आपलं नसलेलं ज्ञान विचारून घेऊन ते इतक्या नेटकेपणाने उतरवणं, हाही कारागिरीचाच भाग आहे.

याच कार्बनच्या प्लेटांची कड सुरीसारखी असते. जिथे वायरी तिच्यावरून जातात तिथे काकांनी मोटारीतली पांढरी काचधाग्याची स्लीव्ह चढवली आहे. मी असतो तर काळी जाळी वापरली असती, ती फ्रेममध्ये मिसळून जाते. पण पांढऱ्या स्लीव्हवर कार्बन घासला की काळा डाग उमटतो. कॅनोपी काढून नजर टाकली की घासणं कुठे चाललं आहे ते कळतं, वायर उघडी पडायच्या कितीतरी आधी. डोळ्याला खटकणारा हा पांढरा तुकडा मला आता त्या मॉडेलमधला सर्वांत प्रामाणिक तुकडा वाटतो.

हे सगळं गोंदियात घडावं याचं मला नवल वाटत नाही. या जिल्ह्याच्या आकाशात विमानांची घरघर रोजची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली बिरसीची धावपट्टी आज विमानतळ झाली आहे, तिथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटचे शिकाऊ पायलट छोट्या विमानांतून घिरट्या घालतात, आणि शेतात काम करणारी माणसं मान वर न करता विमान ओळखतात. अर्थात त्या विमानतळाच्या आसपास मॉडेल उडवायचं नाही, ही शिस्त आधी. मुलगा बिरसीपासून चांगला लांब, धान कापून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या बांध्यांत उडवतो. तिथे धुरळा असतो, पुंजण्यांजवळ धानाची कुसळं उडतात, ती पट्ट्यात आणि गिअरमध्ये शिरतात. वायरी मोकळ्या आणि जागच्या जागी असल्या की ब्रशने दोन मिनिटांत सगळं झटकून होतं. पूर्वीच्या गिचमिडीत ही कुसळं जाऊन बसली की निघायची नाहीत.

धानाच्या शेतावर हेलिकॉप्टर ही तशी नवी गोष्टही नाही. जपानमध्ये यामाहाने १९८७ साली आर-५० हे बिनमाणसाचं हेलिकॉप्टर भातशेतीच्या फवारणीसाठीच आणलं, २० किलो औषध उचलणारं. आपल्याकडे आता फवारणीचे ड्रोन शेतात दिसू लागले आहेत. त्यांचे हात घडी घालून मिटतात आणि मोटारींच्या वायरी त्या बिजागरीतून जातात. तिथली वायर किती लांब ठेवायची, हा प्रश्न काकांच्या शेपटीकडच्या वळशाचाच आहे. हे ड्रोन दुरुस्तीला येऊ लागतील तेव्हा मोटारी भरणाऱ्या दुकानांकडे लोकांनी जावं, असं मला मनापासून वाटतं.

माझी एक तक्रार मात्र आहे आणि ती मी काकांना सांगितली. कंट्रोलरकडून युनिटला जाणारी सिग्नलची बारीक वायर त्यांनी मोटारीच्या तीन जाड वायरींना समांतर, चार बोटं लांब, शेजारी चिकटवून नेली आहे. चार वायरी एका ओळीत फार छान दिसतात. पण जाड वायरींतून जोराने चालू-बंद होणारा प्रवाह जातो, आणि सिग्नलची वायर त्यांच्या सोबतीने नेऊ नये, गाठ पडलीच तर काटकोनात ओलांडावी. अख्ख्या कामात दिसण्याने विचारावर मात केली ती एवढ्या एका जागी. काकांनी ऐकून घेतलं, हेलिकॉप्टर उलटं धरून पाहिलं. "काही बिघडते का त्यानं?" त्यांनी विचारलं. इतक्या कमी अंतरात बहुधा नाही, असं मी खरं ते सांगितलं. त्यांनी दोऱ्याचा तुकडा घेतला, उजव्या सर्व्होच्या मागून दुसरी वाट धरून तो युनिटपर्यंत नेला आणि पेनाने खूण केली. वायर दोन बोटं कमी पडत होती. मोटारीचं बेअरिंग बदलायला मुलगा येईल तेव्हा नवी वायर टाकू, म्हणाले, आणि तो खूण केलेला दोरा गुंडाळून कंट्रोलरखाली खोचून ठेवला.